पुस्तक घेऊन नाशिकच्या जुन्या जागी: लेणी, समाध्या आणि दफनभूमींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिशवीत एक पुस्तक टाकून नाशिकमधल्या जुन्या जागा आणि दफनभूमी वाचत फिरायचं, हा माझा बऱ्याच वर्षांचा परिपाठ. त्याबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. तेच ते दोनदा नको म्हणून उत्तरांत प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. दफनभूमीत फिरायला जाता? भीती नाही वाटत? घरचे काही बोलत नाहीत?

भीती वाटत नाही. कबरीवरचा दगड कुणीतरी वाचावा म्हणूनच कोरलेला असतो. घरच्यांनी पैसे मोजून नाव, तारखा, कधी गाव, कधी एखादी ओळ कोरून घेतलेली असते. येणाऱ्या-जाणाऱ्याने ती वाचलीच नाही, तर तो दगड कोरून घेणाऱ्याचं मागणं अपुरं राहतं. लेण्यातला शिलालेख, देवळाच्या फरशीवरची देणगीदाराची नावं, कबरीवरची पाटी हे सगळं माझ्या लेखी वाचायचंच साहित्य आहे.

घरी परतल्यावर दारातच पाय धुते आणि आंघोळ करते. सासूबाईंना ते हवं असतं आणि त्यात माझं काही जात नाही. तुमच्या घरी जी रीत असेल ती पाळा, त्यावरून वाद घालू नका.

२. ताई, मी जन्माने नाशिककर, पण पांडवलेणी शाळेच्या सहलीनंतर पाहिलेली नाही. सुरुवात कुठून करू?

तिथूनच करा. महामार्गाला लागून आहे, पायऱ्या दोनशेच्या वर आहेत, म्हणून ऊन चढायच्या आत वर पोचा. एकूण २४ लेणी आहेत. बहुतेक लोक पहिल्यापासून सुरू करतात आणि दहाव्यापर्यंत थकतात. मी उलटं सांगते: आधी १९, मग १८, मग १०, आणि शेवटी ३.

१९ क्रमांकाचं लेणं लहान आहे, सहज नजरेतून सुटतं. सगळ्यात जुन्यांपैकी ते एक. त्याचा लेख अवघ्या एका वाक्याचा आहे: सातवाहन कुळातला कण्ह म्हणजे कृष्ण राजा असताना, नाशिकच्या श्रमणांकडे, म्हणजे भिक्षूंकडे, पाहणाऱ्या महामात्राने (वरिष्ठ अधिकाऱ्याने) हे लेणं करवलं. एक अधिकारी, एक राजा, एक गाव. शेजारच्या १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात, दारावरच्या कमानीशी मान वर करून पाहा. तिथे नाशिककरांपैकी धंभिक गावाचं दान, अशी नोंद आहे. म्हणजे वर्गणी काढून एका गावाने तेवढं काम करून दिलं. या दोन्ही लेखांत ‘नासिक’ हे नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर आपल्या गावाचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की तुम्ही पुन्हा वर येणार याची मला खात्री आहे.

दहाव्या लेण्यात घाई करू नका. क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याचे लेख इथे आहेत. त्यातल्या एकात तर चक्क बँकेचा व्यवहार लिहिलेला आहे. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले: २,००० एका श्रेणीकडे महिना शेकडा १ व्याजाने आणि १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्याचा मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं, रीतीप्रमाणे फलकावर नोंदवलं, असंही पुढे लिहिलं आहे. नाशिकच्या बाजारात त्या दिवशी कुणीतरी उभं राहून हे मोठ्याने वाचलं असेल. भिंतीसमोर उभं राहून भाषांतर वाचताना मला दर वेळी तो आवाज ऐकावासा वाटतो.

तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री बोलते. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने हे लेणं दान दिलं आणि गेलेल्या मुलाचं वर्णन कोरून घेतलं. तीन समुद्रांचं पाणी प्यालेली ज्याची घोडी, खखरात वंश (नहपानाचा) ज्याने निःशेष केला, आईचं ज्याने ऐकलं. स्वतःची ओळख ती महाराजाची आई आणि महाराजाची आजी अशी करून देते. कुणी याकडे राजकीय जाहिरात म्हणून पाहतं. मी आधी तो एका आईने मुलासाठी लिहिलेला मृत्यूलेख म्हणून वाचते, आणि तसा वाचला तर तो दफनभूमीतल्या कुठल्याही दगडाइतकाच जवळचा वाटतो.

लेणी पाहून झाली की पुढचा धागा नाण्यांचा, त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरच्या अंजनेरीला आहे. १९०६ साली गोदावरी-दारणेच्या काठच्या जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३,००० हून मोठा साठा सापडला. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता. आईने भिंतीवर जे लिहिलं, तेच मुलाच्या टांकसाळीने नाण्यावर केलं होतं. अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय अर्धा दिवस काढून पाहा.

३. पण मला ब्राह्मी येत नाही. मग भिंतीकडे बघून काय कळणार?

ब्राह्मी ही या लेखांची जुनी लिपी, ती सगळी येण्याची गरज नाही. ‘क’ म्हणजे अधिकाचं चिन्ह, फक्त खालचा पाय लांब ओढलेला. ‘ठ’ म्हणजे गोल. ‘थ’ म्हणजे गोलात टिंब. एवढ्यावर भिंतीवर अक्षरं शोधायला लागा. बरेच लेख ‘सिधं’ या शब्दाने सुरू होतात, म्हणून लेखाची पहिली दोन अक्षरं ओळखीची झाली की ओळ कुठून सुरू होते ते समजतं. छापील पाठ सोबत ठेवा आणि एकाच ओळीवर बोट न टेकवता, हवेतच बोट फिरवत, अक्षर जुळवत जा. (बोट का टेकवायचं नाही, ते प्रश्न १० मध्ये.)

४. जाण्याआधी कोणतं पुस्तक वाचू?

एकच सांगायचं तर १८८३ सालचा नाशिक जिल्ह्याचा गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १६ वा खंड. इंग्रजीत आहे, जाड आहे, आणि साहेबी दृष्टी जागोजाग दिसते. पण लेण्यांवरचा त्यातला मजकूर पंडित भगवानलाल इंद्रजींच्या कामावर उभा आहे. त्यांनी प्रत्येक खोलीची मापं, प्रत्येक लेखाचा पाठ आणि भाषांतर दिलं आहे. गोदाकाठच्या कुंडांची आणि देवळांची यादी करणाऱ्यांनी घाट अक्षरशः पायांनी मोजलेला दिसतो. राज्य शासनाने जुने गॅझेटियर इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. लेण्यांचे क्रमांक जुन्या पुस्तकांत वेगळे असू शकतात, म्हणून क्रमांकापेक्षा वर्णनावरून लेणं ओळखा. मराठीत वाचायचं असेल तर वा. वि. मिराशींचा सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांच्या कोरीव लेखांवरचा ग्रंथ घ्या.

इतिहासाने कंटाळा येत असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्या. त्यांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. सोवळ्याने छळलेलं ते घर ज्या गोदेच्या काठी होतं, तिथे बसून पहिली प्रकरणं वाचायला एक रविवार पुरेसा आहे.

५. ही जुनी पुस्तकं नाशिकमध्ये मिळतात कुठे? सगळी विकत घेणं परवडत नाही.

सार्वजनिक वाचनालयात जा. आपलं ‘सावाना’ १८४० सालचं आहे, म्हणजे वरच्या गॅझेटियरहूनही चार दशकं जुनं. संदर्भ विभागातली पुस्तकं घरी मिळत नाहीत, तिथेच बसून टिपणं काढायची. ग्रंथपालांना शीर्षकापेक्षा विषय सांगा, ते तुम्हाला माहीत नसलेलं पुस्तक काढून देतात. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाच्या पेट्या सोसायट्यांमधून आणि कार्यालयांतून फिरतात. तुमच्या जवळ एखादी पेटी आहे का ते विचारा.

रद्दीच्या दुकानात जायचं तर दिवाळीआधीच्या साफसफाईच्या दिवसांत. तेव्हा घरोघरचे माळे रिकामे होतात आणि स्थानिक शाळांचे, देवस्थानांचे, संस्थांचे स्मृतिग्रंथ किलोवर येतात. असे ग्रंथ पुन्हा छापले जात नाहीत. दिसला की घ्या.

६. शरणपूरला आफ्रिकेतली मुलं राहायची, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि शरणपूर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्यांनाही ते ठाऊक नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

१८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने शहराबाहेर ख्रिस्ती वस्ती वसवली. अरबी समुद्रात इंग्रजांच्या आरमाराने पकडलेल्या गुलामांच्या जहाजांवरून सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जात. त्यातली कित्येक शरणपूरच्या आश्रमात आणली गेली. इथे ती लिहाय-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नासिक बॉईज’ म्हणत. १८६६ मध्ये आफ्रिकेचा प्रसिद्ध शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा यातले नऊ जण त्याच्या सोबत होते. इथलाच जेकब वेनराइट नंतर जाऊन मिळाला. १ मे १८७३ च्या सुमारास लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला. त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती वेनराइटने, आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली तीही त्यानेच. मग सोबत्यांनी तो देह महिनोन्‌महिने पायी समुद्रापर्यंत वाहून आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वेनराइट होता.

नाशिकमध्ये अक्षर गिरवलेल्या हाताने आफ्रिकेतल्या झाडावर मृत्यूलेख कोरला. शरणपूरला जाताना एवढं मनात ठेवा. पुढे १८७५ मध्ये मोम्बासाजवळ फ्रीअरटाऊन वसलं तेव्हा इथली बरीच माणसं तिकडे गेली. म्हणून इथे त्यांच्या कबरींची रांग सापडेल या आशेने जाऊ नका. दफनभूमीत मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या पिढ्या आहेत. देवनागरीत कोरलेली नावं, बायबलमधली मराठी वचनं. तीच वाचा. मराठी मृत्यूलेख नीट वाचणारे फार थोडे आहेत.

७. दफनभूमीत जायला परवानगी लागते का?

लागत नसली तरी घ्या. ख्रिस्ती दफनभूमीसाठी संबंधित चर्चच्या कार्यालयात किंवा फाटकावरच्या रखवालदाराला विचारा. आपण कोण, कशासाठी आलो, हे दोन वाक्यांत सांगितलं की सहसा कुणी अडवत नाही. उलट रखवालदारच जुना कोपरा दाखवतो. कब्रस्तानात जायचं तर तिथल्या विश्वस्तांना विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. स्त्रियांनी आत यावं की नाही याबाबत ठिकठिकाणची रीत वेगळी आहे. नाही म्हटलं तर नाही. बडी दर्ग्यात मात्र सगळ्यांचं येणं-जाणं असतं. डोकं झाकून, शांतपणे जा.

देवळाली कॅम्पचा बराचसा भाग लष्कराच्या ताब्यात आहे. तिथे कॅमेरा बाहेर काढायच्या आधी विचारा, ड्रोनचा तर विचारच नको. अंत्यविधी चालू असेल तर कुठल्याही जागेहून मागे फिरा.

८. इंग्लंडहून एकाने विचारलंय, त्यांचे पणजोबा सैनिक होते आणि देवळालीत वारले. कबर कशी शोधायची?

कबर शोधायच्या आधी कागद शोधा. देवळालीला ब्रिटिश फौजांची मोठी छावणी होती. जहाजाची वाट पाहणारे, तापाने आजारी पडलेले सैनिक इथेच राहत. मृत्यू पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धातला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो. देशभरच्या छावण्यांतल्या ज्या कबरी सांभाळणं शक्य नव्हतं, त्यांतल्या पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची नावं पुण्याजवळ खडकीच्या स्मारकावर कोरलेली आहेत. म्हणून देवळालीत माणूस पुरलेला आणि नाव खडकीला, असं होऊ शकतं. त्यांना हे आधीच सांगा, नाहीतर एवढ्या लांबून येऊन निराश होतील.

युद्धाबाहेरचा मृत्यू असेल तर चर्चच्या दफन-नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींची नोंद ठेवणारी बाक्सा ही संस्था १९७६ पासून काम करते. कागदावर नाव, पलटण आणि तारीख मिळाली की मगच इथल्या कार्यालयात चौकशी करा. नुसतं आडनाव घेऊन गेलात तर समोरच्याला काही करता येत नाही.

९. समाधी, छत्री, वीरगळ, कबर यांत फरक काय?

कबरीत देह असतो. संतांच्या समाधीत, परंपरेप्रमाणे, संत स्वतः बसलेले असतात. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे, आणि पौषवारीला येणारा वारकरी तिथे मेलेल्या माणसाला भेटायला येत नाही. म्हणून तिथे देवळासारखंच वागा. छत्री ही दहनाच्या किंवा स्मरणाच्या जागी बांधलेली इमारत. वीरगळ म्हणजे लढून मेलेल्याचा दगड: खाली लढाई, मध्ये अप्सरा नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा, आणि टोकाला चंद्रसूर्य. वाचायचा खालून वर. गावाच्या वेशीवर किंवा मारुतीच्या पाराला टेकवलेला असतो, कधी शेंदूरही फासलेला असतो. शेंदूर खरवडू नका.

१०. अक्षरं पुसट झाली असतील तर खडू किंवा पीठ चोळून वाचायचं का? व्हिडिओत तसं दाखवतात.

नाही. खडू दगडाच्या छिद्रांत बसतो, पीठ-तेलावर बुरशी आणि मुंग्या येतात, तारेच्या ब्रशने तर अक्षरच जातं. बोटाचा घामही रोज शेकडो माणसांचा मिळून दगड काळा आणि गुळगुळीत करतो. संरक्षित स्मारकावर असं काही करणं गुन्हा आहे. १९५८ च्या कायद्यात नुकसानीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे.

प्रकाश वापरा. सूर्य तिरपा असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा कलत्या उन्हात, खोदलेल्या रेषेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. सावलीत असलेल्या दगडाला टॉर्च समोरून मारू नका. दगडाच्या कडेला, जवळजवळ भिंतीला चिकटवून, आडवी धरा आणि हळूहळू वर-खाली करा. चारही बाजूंनी उजेड टाकून चार फोटो काढा. एका फोटोत ‘व’ वाटणारं अक्षर दुसऱ्यात ‘ब’ निघतं. दुसरा माणूस सोबत असेल तर तो टॉर्च धरेल आणि तुम्ही वहीत उतरवा, फोटोपेक्षा हाताने उतरवताना जास्त कळतं.

११. काळारामला पुस्तक घेऊन जाण्यासारखं काय आहे?

देऊळ सरदार ओढेकरांनी बांधलेलं, काळ्या दगडाचं, देखणं आहे. पण मी तिथे दरवाजे पाहायला जाते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा हेच दरवाजे आतून बंद करून घेतले होते, आणि चारही दारांशी सत्याग्रही बसले होते. त्याच वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा इथे पुढची वर्षं चालवला. १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा त्यानंतरची. त्या काळातली बाबासाहेबांची भाषणं आणि पत्रं शासनाने प्रकाशित केली आहेत. ती वाचून मग चारही बाजूंनी देवळाला फेरी मारा. दर्शनाच्या रांगेत उभं राहून यातलं काहीच दिसत नाही.

१२. पुस्तकात एक साल आणि दगडावर दुसरंच. कोणाचं खरं मानू?

आधी कालगणना पाहा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण शक चैत्रात बदलतो, म्हणून वर्षअखेरच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. अंजनेरीच्या जैन मंदिरातला शके १०६३ चा लेख, ज्यात सेउणदेव यादवाच्या काळात मंदिराला दुकानांचं उत्पन्न दिल्याची नोंद आहे, तो ११४१-४२ चा. लेण्यांतली सालं राजाच्या कारकिर्दीची आहेत, ती इसवी सनात बदलताना अभ्यासकांत मतभेद राहतातच. देवळांबाबत काम सुरू झाल्याचं साल आणि कळस चढल्याचं साल यांची सरमिसळ होते. कबरींवर मात्र दगड नंतरच्या पिढीने बदललेला असू शकतो. तिथे चर्चच्या नोंदवहीतली तारीख जास्त भरवशाची.

१३. कबरींचे फोटो काढून टाकले तर चालेल?

शंभर वर्षं जुन्या दगडाला माझी हरकत नाही, प्रश्न ७ प्रमाणे विचारलेलं असेल तर. ज्या कबरीवर ताजी फुलं आहेत तिचा फोटो काढूच नका. तिथे येणारं माणूस जिवंत आहे. कबरीवर बसून, टेकून सेल्फी कधीच नाही. पांडवलेणीत हौशी फोटोला अडचण नसते, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

१४. मुलांना नेऊ का?

न्या. पंधरा वर्षांखालच्यांना लेण्यांचं तिकीटही नाही. ‘क’ शोधायचा खेळ (प्रश्न ३) त्यांना आपल्याहून लवकर जमतो. वर आग्या मोहोळं असतात, तेव्हा आरडाओरडा नको, अत्तर आणि फवारे नकोत.

१५. पावसाळ्यात काय करता?

वाचते. गोदेला पूर आला की घाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठे लागलं यावरून गाव पुराचा अंदाज घेतं. त्या दिवसांत घाटावर जाऊ नका. लेण्यांच्या पायऱ्या निसरड्या होतात आणि दफनभूमीत गुडघाभर गवतात काय असेल सांगता येत नाही. कपाटातल्या पुस्तकांना ऊन देता येत नाही, तेव्हा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा आणि पुस्तकं भिंतीपासून दोन बोटं पुढे सरकवा.

१६. एकट्या बाईने जावं का?

पांडवलेणी आणि पंचवटीत वर्दळ असते, सकाळी खुशाल जा. दफनभूमीत आणि आडगावच्या वीरगळांना मी कुणाला तरी सोबत घेते, आणि घरी जागा सांगून निघते.

१७. रद्दीत एक जुनी हस्तलिखित नोंदवही मिळाली. चर्चमधल्या दफनांच्या नोंदी दिसताहेत. ठेवून घेऊ का?

नाही. जुन्या पुस्तकात कुणाचं नाव किंवा पत्र सापडलं तर ते तसंच जपून ठेवण्यात गैर नाही. नोंदवही वेगळी. प्रश्न ८ मधल्या माणसासारखे कितीतरी लोक नेमक्या तिच्याच शोधात असतात. तिची पानं सुटी करू नका, चिकटपट्टी लावू नका, विकायला तर अजिबात काढू नका. प्रत्येक पानाचा फोटो क्रमाने काढा. ती कुठल्या दुकानात, कधी मिळाली हे वेगळ्या कागदावर लिहा, वहीवर नाही. आतल्या नोंदींवरून चर्च ओळखा आणि तिथल्या पास्टरांकडे न्या. ते चर्च बंद झालं असेल तर डायोसिसच्या (बिशपच्या प्रांताच्या) कार्यालयात द्या. देताना सही-शिक्क्याची पोच घ्या, आणि फोटोंची एक प्रत त्यांनाही द्या.